पाण्यावरचा पत्ता

आमच्या विहीणबाईंनी हैदराबाद शहर अर्धंच पाहिलंय, आणि तेही वरचं अर्धं. तीस-बत्तीस वर्षं या शहरात नोकरी करून त्यांना एका दुकानाची पाटी पाठ नाही. कुठल्या कोपऱ्यावर इराणी हॉटेल आणि कुठल्या कोपऱ्यावर मिरचीभज्यांची गाडी, हे त्या सांगू शकत नाहीत. मात्र कुठल्या गच्चीवर कबुतरांचं खुराडं आहे, कुणाच्या गॅलरीला निळी जाळी आहे, कुठल्या टाकीचं झाकण गेली चार वर्षं सुतळीनं बांधलेलं आहे, हे खुशाल विचारा. रिक्षात बसल्या की म्हणतात, "भाई, वो ऊपर लाल गमलोंवाली बिल्डिंग है ना, वहाँ." रिक्षावाला मान बाहेर काढून वर बघतो, मग आरशातून त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "अम्मा, कुछ नीचे का बोलो ना." खालचं त्यांना काही ठाऊक नसतं. हिमायतनगरात ज्या दुकानातून त्या वीस वर्षं ब्लाउजपीस घेत आल्या, त्याच्या वरच्या बिऱ्हाडानं एकदा गॅलरी काचेनं बंद करून घेतली. तेव्हा त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी मला फोन केला होता, की दुकान गेलं कुठं.

याला कारण त्यांची नोकरी. पूर आला, इमारत कोसळली, कारखान्यातून वायू सुटला, की कुठल्या आजारी माणसाला कुठल्या दवाखान्यात कसं पोचवायचं हे ज्या सरकारी खोलीतून ठरतं, त्या खोलीत त्या बसत. त्या डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. त्यामुळे त्या नेमकं काय करतात याबद्दल आमच्या नातेवाइकांत बरेच तर्क चालत. माझ्या धाकट्या नणंदेची तर बरीच वर्षं समजूत होती की त्या अॅम्ब्युलन्स चालवतात. मला स्वभावानंच चौकशा फार. जामबागेतल्या मराठी शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, तीही मुलांना "हे असं का काढलंस?" विचारत विचारतच. म्हणून मी त्यांना सरळ विचारलं, "विहीणबाई, तुम्ही करता काय हो?" त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाल्या, "मी काहीच करत नाही. मला इंजेक्शन देता येत नाही, गाडी चालवता येत नाही, पोहता तर मुळीच येत नाही. ज्यांना येतं त्यांना मी फोन करते." मला वाटलं, विनयानं बोलतायत. पुढे कळलं की विनय वगैरे काही नाही, बाईंनी कामाचं स्वरूप सांगितलं होतं.

आमची पहिली भेट लग्नाच्या बैठकीतली. माझ्या मुलीनं आणि त्यांच्या मुलानं पुण्याला एकाच कचेरीत काम करता करता एकमेकांना पसंत केलं होतं, तेव्हा बैठक नावालाच. पण आम्हाला धास्ती होती ती ह्यांच्या दुखण्याची. ह्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन चार वर्षं झाली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझ्या दिरांनी बजावलं होतं, पहिल्या भेटीत हा विषय काढायचा नाही, स्थळ हातचं जाईल. त्यासाठी ऐन मे महिन्यात ह्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला, हातावरची सुया टोचायची फुगीर शीर दिसू नये म्हणून. पोहे झाले, फळं झाली, नारळपाणी आलं. विहीणबाई मुलीकडे बघायच्या सोडून ह्यांच्याकडेच बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "केळं बाजूला सारलंत. नारळपाणी तोंडाला लावलं नाहीत. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. डायलिसिस कुठं घेता?" दिरांचा चमचा बशी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. ह्यांनी खाली मान घालून दवाखान्याचं नाव सांगितलं. पुढचा प्रश्न आला, "मलकपेठेतून तिकडं जाताना वाटेत नाला लागतो का?" लागतो, म्हणाले. "मग दुसरा रस्ता कुठला?" असा प्रश्न ह्यांना आजवर डॉक्टरांनीसुद्धा विचारला नव्हता. हे जे खुलले ते अर्धा तास रस्ते सांगत बसले, बाह्या कधी वर केल्या त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मुलांचा विषय राहूनच गेला. निघताना चपला घालता घालता विहीणबाई म्हणाल्या, "आणि लग्नाचं ठरलंच ना आपलं?"

लग्नात मात्र त्यांनी मला दुखावलं. वरमाईचा मान म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या मानावरून आमच्याकडे दोन घरांत तीस वर्षं बोलणं नव्हतं. मी खास नारायणपेठी साडी आणली होती, जांभळं अंग आणि पिवळेजर्द काठ. पाट मांडला, ताम्हण आणलं, पाय धुवायचे तर वरमाई गायब. शोधल्या तेव्हा हॉलच्या मागच्या दाराशी सापडल्या, आचाऱ्याला जिलेबीचं टेबल हलवायला लावत होत्या. का, तर टेबल तिथं असेल तर स्ट्रेचर वळणार नाही. आचारी म्हणाला, "अम्मा, शादी में कायका स्ट्रेचर?" तरी टेबल हललं. मी साडी पुढे केली. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "सुरेख आहे हो. पण मी ही नेसून जाऊ कुठं? तुमच्याकडेच असू द्या. मान द्यायचाच असेल तर तुमच्या गल्लीतली आजारी माणसं मला लिहून द्या." मी ती साडी घडी मोडल्याशिवाय कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि महिनाभर त्यांना फोन केला नाही.

तसाही त्यांना फोन करणं सोपं नाही. पलीकडून 'हॅलो' येत नाही, "ऐकतेय, कुठं आहात?" असं येतं, मग तुम्ही घरातून संक्रांतीचं बोलावणं करायला फोन केलेला का असेना. बोलणं संपलं की तुमचंच बोलणं तुम्हाला परत ऐकवतात, चूक राहू नये म्हणून. "म्हणजे शुक्रवारी, पाच वाजता, तुमच्याकडं, हळदीकुंकू, बावीस पायऱ्या. बरोबर?" पायऱ्या मी सांगितलेल्या नसतात, त्या त्यांनी मोजलेल्या असतात. भाषाही त्यांनी वाटून घेतल्यात. आकडे तेलुगूत, रागावणं दखनीत आणि काळजीची विचारपूस मराठीत. त्यामुळे त्या अचानक मराठीत मऊ बोलायला लागल्या की माणूस घाबरतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेऊन जातात. विहीणबाई कुणाला साखर आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या सासूला प्राणवायूचं यंत्र लागतं, हे घेऊन जातात. आणि गंमत म्हणजे बायका सांगतात. माझ्या शेजारच्या शाहीनआपांनी जे दुखणं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते यांना पहिल्या भेटीत जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं.

आमचा अबोला मोडला तो एका वहीमुळे. एका रविवारी त्या आल्या आणि माझ्यापुढे चित्रकलेची वही उघडून म्हणाल्या, "तुम्ही बाई आहात ना चित्रकलेच्या, हे जरा बघा." पहिल्या पानावर चहाची किटली होती. मी तसं म्हटल्यावर त्यांनी वही आपल्याकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "मशीद आहे ती." मग सगळं सांगितलं. पाणी शिरल्यावर लोक मदतीसाठी फोन करतात आणि पत्ता देतात तो नाल्याच्या पलीकडं, पानाच्या डब्याशेजारी, पांढऱ्या फाटकासमोर असा. पाण्यात नाला कुठला, रस्ता कुठला, कळत नाही. डबा वाहून गेलेला, फाटक बुडालेलं, दारावरचा नंबर पाण्याखाली. होडीतल्या माणसाला दिसतं ते फक्त वरचं. म्हणून ज्या घरात खाटेवरचा माणूस आहे, डायलिसिसचा आहे, दिवस भरत आलेली बाई आहे, त्या प्रत्येक घराचा एक दुसरा पत्ता हवा. याला त्या पाण्यावरचा पत्ता म्हणत. कचेरीनं असं काही सांगितलेलं नव्हतं. एका पावसाळ्यात एक होडी एका घरावरून तीनदा गेली आणि घर ओळखू आलं नाही, त्यानंतर त्यांनी हे आपलं आपण सुरू केलं होतं. त्या घराचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि इतकी चौकस मी, पण मला ते विचारवलं नाही.

तेव्हापासून आमचे रविवार गच्च्यांवर गेले. त्या पुढे, मी पेन्सिली घेऊन मागे. लोक आधी बिचकत, मग खुर्च्या आणत, मग आम्हाला वाळत घातलेल्या मिरच्यांतून वाट काढत कठड्यापर्यंत नेत. मी काढत असे आणि त्या मागून सूचना करत, "आंब्याचं झाड काढू नका, पडलं तर फसवेल. तो मोडका अँटेना घ्या, तो कुणी काढणार नाही." चाळीस वर्षं मी मुलांना सुंदर ते बघा म्हणून शिकवलं, या बाईंनी मला टिकेल ते बघायला शिकवलं. एकदा त्यांनी मला ह्यांच्या डायलिसिसच्या दवाखान्यात नेलं, चित्रासाठी नव्हे, सोबतीला. तिथली यंत्रं तळघरात होती. तळघरात पाणी येतं, यंत्रं वर घ्या, असं त्या वर्षभर पत्रांनी कळवत होत्या. आता डबा घेऊन दवाखान्याच्या बड्या साहेबांच्या खोलीबाहेर बसायला लागल्या. भांडण नाही, आवाज नाही. रोज दुपारी बाकावर बसून पोळीभाजी खायच्या, डबा धुवायच्या आणि जायच्या. तीन आठवड्यांनी यंत्रं पहिल्या मजल्यावर गेली.

आमच्या घराचं पान काढायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. दुमजली घर, वर काळी टाकी. अख्ख्या गल्लीत तशीच घरं आणि तशाच टाक्या. "तुमच्या घराला चेहराच नाही, विहीणबाई," त्या म्हणाल्या. मला ते लागलं. मी आठवड्याच्या आत रंगारी बोलावून टाकी नारिंगी करून घेतली आणि पान रंगवून त्यांच्या हाती दिलं. त्या खूश झाल्या. आता खरं तर इथं थांबायला हवं होतं, पण शेजाऱ्यांनी विचारलं, टाकी नारिंगी का? मला चौकशांइतकाच सांगण्याचाही सोस. मी ऐटीत सांगितलं की आमच्या विहीणबाई सरकारी खोलीत असतात, आणि पुरात होडी आली की या रंगावरून आम्हाला आधी ओळखणार. शाहीनआपा म्हणाल्या, "हमारी बी करवा देते फिर." पलीकडचे निवृत्त बँकवाले रावगारू म्हणाले, चांगल्या गोष्टीला उशीर नको. रंगारी तोच, डबा तोच. दोन वर्षांत गल्लीतल्या सगळ्या टाक्या नारिंगी झाल्या. गच्चीवर गेलं की मला अभिमान वाटे. विहीणबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं नव्हतं; एखाद्या दिवशी वरून दाखवू, त्यांना किती आवडेल, असा माझा बेत होता.

मग ते पाणी आलं. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, ह्यांची डायलिसिसची एक खेप चुकली होती, आणि सकाळी उठून बघते तर आमचा खालचा मजला पाण्यात आणि जिन्याच्या सात पायऱ्या दिसेनाशा झालेल्या. ह्यांचे पाय सुजले होते. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता, म्हणून उशा लावून बसवलं होतं. मी फोन लावला.

"ऐकतेय, कुठं आहात?"

"अहो, मी आहे. घरी."

"पेशंट?"

"हे."

"शेवटचं डायलिसिस कधी झालं?" मी सांगितलं. सूज कुठवर, श्वास कसा, सगळं विचारून झालं आणि माझं बोलणं त्यांनी मलाच परत ऐकवलं. मग म्हणाल्या, "तुमचा नंबर सातवा."

मी म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या सुनेचे वडील आहेत हो."

मग मराठीत, अगदी मऊ, "ते माझ्या लक्षात आहे. सातवा. पाणी अर्धी वाटीच द्या, आडवं करू नका, आणि फोन चार्ज असू द्या." फोन बंद झाला.

मला जो संताप आला तो आजही आठवतो. जिच्या मागे मी पेन्सिली घेऊन उन्हातान्हात हिंडले, तिच्याकडे माझ्या नवऱ्याचा नंबर सातवा. मुलीचा पुण्याहून फोन आला, तिच्यावरच मी ओरडले. हे मात्र श्वास घेता घेता म्हणाले, "सातवा म्हणाल्या ना? म्हणजे सातवा येणार." मी त्यांच्यावरही चिडले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दुपार टळली तेव्हा फोन वाजला. विहीणबाई होत्या, त्यांच्या दुसऱ्या कानाला होडीवाला, आणि तो मलाही ऐकू येत होता. "मॅडम, इदर तो सब टाकियाँ नारंगीच हैं. कौनसी बोलके समझें?" होडी मागच्या गल्लीत दोनदा फिरून गेली होती. काय झालं ते मला क्षणात कळलं. विहीणबाईंनी विचारलं नाही, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझी मानाची साडी अजून तुमच्या कपाटात आहे ना?"

"आहे."

"गच्चीवर न्या. टाकीला बांधा. काठ दिसू द्या."

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, त्या साडीचं नाव आमच्यात कुणी काढलं नव्हतं. मी फळीवरून ती ओढली आणि पावसात गच्चीवर धावले. एकटीला जमेना, शाहीनआपा त्यांच्या गच्चीवरून कठडा ओलांडून आल्या, आणि दोघींनी मिळून ती नवीकोरी नारायणपेठ टाकीभोवती गुंडाळून पदर मोकळा सोडला. खांद्याला धरलेल्या फोनमधून विहीणबाईंचा दखनी आवाज येत होता, "टाकी छोड़ो भाई. जामुनी साड़ी देखो, पीला काठ." थोड्या वेळानं होडीवाला म्हणाला, "दिख गई मॅडम." ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यातून होडीत उतरवलं. दिवेलागणीच्या आत ते यंत्रावर होते, पहिल्या मजल्यावरच्या.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दवाखान्यात आल्या. आधी खाटेला लावलेला कागद वाचला, मग ह्यांच्याकडे पाहिलं. मी टाक्यांची हकीकत सांगितली तेव्हा त्या कपाळाला हात लावून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. "चूक माझी. खूण एकालाच द्यायची असते, हे सांगायचं राहिलं." मी म्हटलं, "आणि सातवा?" म्हणाल्या, "पहिल्या सहात एक तीन आठवड्यांचं बाळ होतं." पुढे त्यांच्या कचेरीतल्या एका मुलीनं मला सांगितलं की त्या दिवशी खोलीतल्या फळ्यावर सगळ्या ओळींत माणसांची नावं होती. सातव्या ओळीत नावच नव्हतं, नुसतं 'साडी' असं लिहिलेलं होतं, आणि फळा पुसायची वेळ आली तेव्हा ती ओळ मॅडमनी स्वतः पुसली.

आता त्या निवृत्त झाल्यात. नव्या लोकांकडे संगणकावर नकाशे आहेत, त्यात बोटानं घर मोठं करून बघता येतं. आमच्या अकरा वह्या कपाटात गेल्या. विहीणबाईंना त्याचं वाईट वाटत नाही. "पडद्यावर छान दिसतं हो," त्या म्हणतात, "वीज असेपर्यंत." मला मात्र वाटतं. त्यांचे गुडघे गेलेत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या असतात, दिवसात दोनदा फोन वाजला तर पुष्कळ. वाजला की अजूनही "ऐकतेय, कुठं आहात?" म्हणतात, आणि पलीकडे बहुधा गॅसवाला असतो.

मागच्या महिन्यात मी ती साडी घेऊन त्यांच्याकडे गेले. टाकीच्या लोखंडी नळाचा गंज काठाला लागलाय, तो काही निघत नाही. चहा घेताना सहज विचारलं, "विहीणबाई, अकरा वह्यांत तुमचं अख्खं हिमायतनगर आहे, तुमची इमारत कशी नाही?" म्हणाल्या, "पाणी आलं की मी तिकडं खोलीत असायची. रिकाम्या घराचा पत्ता कशाला?" चहा संपवून कप खाली ठेवला. मग मराठीत, तशाच मऊ आवाजात म्हणाल्या, "आता मात्र घरी असणार."

मी पेन्सिल काढली. एकेका पायरीला थांबत आम्ही गच्चीवर गेलो. मी काढायला बसले आणि त्या मागून सूचना करू लागल्या, टाकी एवढी उंच नाही, शेजारचा मनोरा जरा डावीकडं घ्या. इतक्या सावकाश मी कधी चित्र काढलं नव्हतं. शेवटी टाकीभोवती जांभळा रंग भरला आणि पिवळा काठ काढला. खाली येऊन साडी त्यांच्या मांडीवर ठेवली, ओटी भरली, कुंकू लावलं. या वेळी त्यांनी ती परत केली नाही. दाराशेजारच्या खुंटीला पिशवीत घालून लावली, सोबत सुतळीचं बंडल.

ते पान मी कुठल्या कचेरीत दिलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात, फोनच्या वर, भिंतीला चिकटवलंय. मला इंजेक्शन देता येत नाही, होडी वल्हवता येत नाही, पोहता तर मुळीच येत नाही. फोन करता येतो.